दुसऱ्याच्या तोंडून

शरयूताईंचा आवाज गेला तो थायरॉइडच्या ऑपरेशननंतर. समुद्रपुरातल्या कितीतरी पोरांना मराठी शिकवलेला, मैदानाच्या पार टोकाला पोचणारा आवाज. आता गळ्यातून नुसती फुसफुस निघायची. नस दुखावली आहे, आवाज येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जिवावरचं टळलं म्हणून घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. ताईंनीही हात जोडले, पण लेखकांच्या बैठकीला जाणं मात्र सोडलं.

ही बैठक दर महिन्याला एका रविवारी वासुदेवरावांच्या घरी भरायची. वासुदेवराव पोस्टातून रिटायर झालेले. सतरंजी अंथरायची, चिवडा-चहा व्हायचा आणि ज्यानं जे लिहिलं असेल ते त्यानं वाचून दाखवायचं. वाचताच येत नाही तर जाऊन करायचं काय, असं ताईंना वाटे.

दिवाळी झाल्यावर वासुदेवराव स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

"काऊन येत नाई तुमी, मॅडम?"

ताईंनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"लिहायले गळा लागते का? कथा घ्या अन् या. वाचाचं आमी पाहून घेऊ."

ताईंचे यजमान नरहरपंत आतूनच म्हणाले, "घेऊन जा हो तिले. घरात बसून कागद फाडून राह्यली नुसती."

ताई गेल्या आणि भिंतीला टेकून मागे बसल्या. वासुदेवरावांनी त्यांची कथा मोहिनीच्या हातात दिली, तेव्हा ताई धास्तावल्याच. मोहिनी एसटीत कंडक्टर. 'सरका पुढं' म्हणून ओरडून ओरडून तिचा आवाज पार घोगरा झालेला. बैठकीत ती चारोळ्या म्हणायची, त्याही तिकीट फाडल्यासारख्या झटपट. आणि कथा तर दुःखाची होती. एकाच अंगणात राहणाऱ्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जावा. जे सांगायचं ते दोघी बकरीला सांगतात, म्हणजे दुसरीला ऐकू जातं.

ताईंनी लिहिलं होतं, 'शेळी, तिला सांग, पाणी तापलं आहे.' मोहिनीनं क्षणभर कागदाकडे पाहिलं आणि वाचलं, "सांग वं बकरे तिले, पानी तापलं म्हना! मंग थंडं झालं त मले बोलाचं नाई!"

सगळे खो खो हसले. ताईंचा चेहरा उतरला. उठून कागद हिसकावून घ्यावा, असं त्यांना वाटलं. पण मोहिनी रंगात आली होती. मोठीसाठी एक आवाज, धाकटीसाठी दुसरा. पाहता पाहता त्या दोघी बाया खोलीत येऊन बसल्या. शेवटी मोठी जाऊ मरते आणि धाकटी रिकाम्या अंगणात बकरीपाशी जाते. तिथं मोहिनी थांबली. "सांग वं तिले..." एवढंच म्हणाली आणि पुढचं तिला वाचवेना. बाजूला बसलेल्या शकुबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

ताईंच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आपण लिहिलेल्या बाया आपल्याच गावच्या होत्या, आणि आपण मात्र त्यांना शाळेच्या पुस्तकातल्यासारखं बोलायला लावलं होतं. त्यांनी मोहिनीचा हात धरला आणि पुटपुटल्या, "असंच लिहून दे मले."

"चुकलं का जी काही?" मोहिनी घाबरली.

"नाई वं. माह्यं चुकलं होतं. तू सुधारलं."

पुढच्या बैठकीत वासुदेवरावांनी जाहीर केलं की आजपासून आपलं आपण कुणीच वाचायचं नाही, चिठ्ठी निघेल त्यानं दुसऱ्याचं वाचायचं. "माही कविता मी आजवर कधी आयकलीच नाई," ते म्हणाले. आपण एकट्याच वेगळ्या पडू नये म्हणून ही सगळी खटपट, हे ताईंनी ओळखलं. चहाचे कप आत न्यायला त्या सर्वांच्या आधी उठल्या.

संक्रांतीनंतरच्या बैठकीत मोहिनीची चारोळी वाचायला चिठ्ठीत नेमकं ताईंचं नाव निघालं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "दुसरी चिठ्ठी काढतो," वासुदेवराव घाईनं म्हणाले. ताईंनी मान हलवली आणि कागद मागितला.

शकुबाई उठल्या, पंखा बंद करून आल्या. सगळे गुडघ्यांवर सरकत ताईंच्या भोवती जवळजवळ आले. ताईंनी त्या फुसफुसत्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करत वाचलं:

"हात दाखवला की थांबते गाडी,
सीट देते मी बाईमाणसाले.
रोज पोचवते गावोगावी,
माहेरी जायले सवड नाई मले."

मोहिनी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. "ताई, हे मी लिहिलं?" ती हळूच म्हणाली. "मी त हसाले लिहिलं होतं."

"परत वाचा, मॅडम," वासुदेवराव म्हणाले.

ताईंनी परत वाचलं.

संध्याकाळी घरी आल्यावर नरहरपंतांनी विचारलं, "कशी झाली बैठक?"

ताईंनी त्यांना जवळ बोलावून कानाशी सांगितलं, "लय चांगली मान्सं भेटली आपल्याले. देवाले म्हना, आवाज आला त आला, नाई आला तरी माही तक्रार नाई."