रुपरावांच्या कादंबरीचा ऋतू

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयात किशोर कादंबऱ्या मी ऋतू आणि सण बघून मांडते. मे महिन्यात बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकांच्या, कारण कूलरपुढे बसूनही पोरांचा घाम थांबत नाही. दिवाळीत भुतांच्या, कारण फराळाला आलेल्या नातेवाइकांपेक्षा भुतं परवडली. परीक्षा संपली की खुनाच्या. हे शास्त्र मला कोणी शिकवलेलं नाही आणि शिकवायला येणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

फक्त एका कादंबरीला ऋतू सापडत नव्हता. नाव ‘उठा मुलांनो, पाच वाजले’. लेखक आमचे अध्यक्ष रुपराव, निवृत्त मुख्याध्यापक. पंचवीस प्रती त्यांनी स्वतः आणून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात मांडली, तर पाच वाजता उठायच्या नुसत्या कल्पनेनं पोरांना हुडहुडी भरली. पावसाळ्यात छत गळलं, तर पाण्यानंसुद्धा तिला हात लावला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी रुपराव आले.

“सरिताबाई, एक तरी प्रत गेली का?”

“नाही जी.”

“मंग हे पोरांचं कपाट काहून ठेवाचं? पोरं वाचूनच नाही राहिले. पुढच्या आठवड्यात इथं स्पर्धा परीक्षेचे गाइड लावू.”

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं जमवलेलं कपाट होतं ते. ते गेलं तर माझं इथे काही उरत नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे निघतात. जे जे नकोसं झालंय त्याचं नाव घेऊन लोक ओरडतात आणि तिच्याबरोबर ते गावाबाहेर धाडतात. मी पंचवीसही प्रती दाराशी टेबलावर रचल्या आणि पाटी लावली: ‘रोगराई, कंटाळा, उपदेश घेऊन जा गे मारबत! नागपुरातली सर्वांत रटाळ कादंबरी. शेवटपर्यंत वाचून दाखवा.’ मिरवणूक बघून परतलेल्या पोरांनी तासाभरात टेबल साफ केलं.

पाटी काढायची मात्र मी विसरले. चार दिवसांनी रुपराव आले, रिकामं टेबल पाहून फुलले आणि मग त्यांनी चष्मा लावला. पाटी वाचून त्यांचा चेहरा उतरला तशी मला लाज वाटली.

तेवढ्यात नववीतली वैभवी पुस्तक परत करायला आली. पुस्तकामागच्या फोटोवरून तिनं त्यांना ओळखलं आणि तरीही बोललीच.

“सर, तेरा प्रकरणं तं लय बोर आहेत. पण चौदावं मी तीनदा वाचलं.”

मी दुसऱ्या प्रकरणाच्या पुढे गेलेच नव्हते. तिच्या हातून पुस्तक घेऊन तिथेच चाळलं. चौदाव्यात दिनू घरातून रुसून एसटीनं उमरेडला जातो. स्टँडवर बसून नागपूरहून येणारी प्रत्येक बस बघतो. न्यायला कोणी उतरत नाही. संध्याकाळी आपणच परततो, तर तो गेला होता हेच घरात कोणाला माहीत नसतं.

“तो दिनू म्हणजे तुम्हीच होते का जी?” वैभवीनं विचारलं.

“हो, पोरी,” रुपराव म्हणाले. आवाज मुख्याध्यापकांचा नव्हता.

“मॅडम, हे दिवाळीच्या सुट्टीत ठेवा,” ती मला म्हणाली. “माह्या सगळ्या मैत्रिणी मामाकडे जातात. मले न्यायले कोणी येत नाही.”

रुपरावांनी पाटी काढली, उलटी केली आणि माझ्याकडून पेन मागून कोऱ्या बाजूवर स्वतः लिहिलं: ‘सुट्टीत ज्यांना न्यायला कोणी येत नाही त्यांच्यासाठी. प्रकरण चौदा.’ मग ती पाटी किशोरांच्या कपाटाला लावली, अगदी नीट, चारही कोपरे दाबून.

“गाइड दुसरीकडं लावू,” ते म्हणाले.

“अन् बाकीचे तेरा प्रकरणं, सर?” मी विचारलं.

“ते नेऊ द्या मारबतीले.”