अनुपमाचे रविवार

बोरिवलीत राहून कान्हेरीची लेणी न पाहिलेली माणसं मोजायला बसलात, तर अख्खी बोरिवली मोजून होईल. रिक्षाच्या अंतरावर आहेत ना, केव्हाही जाता येतं, म्हणून कोणी जातच नाही. पण अनुपमाला केव्हाही जाता येणार नव्हतं. ती मॉरिशसची. तिचे पणजोबा कोकणातून बोटीने ऊस तोडायला गेले ते तिकडचेच झाले. घरात मराठी टिकली ती आरतीपुरती आणि भांडणापुरती. तिकडे ती शाळेत इतिहास शिकवायची. शिष्यवृत्तीवर वर्षभर मराठी शिकायला मुंबईत आली, तेव्हा वर्गातल्या पोरांना कबूल करून आली होती की पुस्तकात कान्हेरीचा जो पुसट फोटो आहे ना, त्याहून चांगले मी स्वतः काढून आणते.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने ती भाऊराव आणि वनमालाबाईंकडे आली. भाऊराव पूर्वी गिरणीत होते, संपानंतर कांदिवलीच्या एका गोदामात लागले. मूलबाळ नाही. वनमालाबाईंनी पहिल्याच दिवशी "मला मावशी म्हण" असं सांगून टाकलं. पोरीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसल्या, सोलकढी करायला शिकवली, कॉलेजात डबा दिला. खोटं कशाला बोला, जीव लावला बाईंनी. एक रविवार तेवढा सोडायचा.

रविवार उजाडला की अनुपमा कॅमेरा काढायची आणि वनमालाबाई कपाटातून साडी काढायच्या. "ही नेस. आज मालाडला जायचंय, जाऊबाईंकडे."

"आणि कान्हेरी?"

"जाऊ गं पुढच्या रविवारी. लेणी काय आज पळतायत?"

मालाडला पोहे. वर खोबरं, बाजूला चहा. जाऊबाई विचारणार, स्वयंपाक येतो का, तिकडे पगार किती, बाहेरच्या माणसाला नोकरी लवकर लागते का. मग म्हणणार, जरा आतून पाणी आण बाळ. अनुपमा उठून पाणी आणायची आणि सगळे तिच्या चालण्याकडे बघत बसायचे. गाणं म्हण म्हणाले, तर तिने तिकडचं नाचाचं क्रिओल गाणं म्हटलं. कुणाला एक शब्द कळला नाही, पण जाऊबाई म्हणाल्या, "गळा चांगला आहे हो." पुढच्या रविवारी भांडुप, नणंद. पुन्हा पोहे. त्याच्या पुढे घाटकोपर. प्रत्येक घरी कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून एक तरुण मुलगा मान खाली घालून बसलेला. मुंबईतली मुलं इतकी लाजाळू कशी, असं तिला वाटायचं.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं. येणार कुठून? मॉरिशसमध्ये मुलगी बघायला कोणी तिलाच घरोघर फिरवत नाही. तसं आपल्याकडेही फिरवत नाहीत, मुलाकडचेच येतात. पण ही पडली परदेशची, कॉलेजची, तिला घरी बसवून दाखवायची म्हटलं तर संशय येईल, म्हणून वनमालाबाईंनी रीतच उलटी केली. पोरगी समजली, पाहुणचार चाललाय. चिडायची, पण मनातल्या मनात. ज्यांच्या घरी फुकट राहतो त्यांच्या नातेवाइकांचा कंटाळा आला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? एकदा धीर करून भाऊरावांपाशी बोलली. भाऊरावांनी पेपर वर केला. "माका विचारू नको. तुझ्या मावशीक विचार."

असं करता करता वर्ष सरलं. गुरुवारचं विमान आणि हातात एकच रविवार. आदल्या रात्री वनमालाबाईंनी देवाला हात लावून सांगितलं, उद्या कान्हेरी म्हणजे कान्हेरी.

सकाळी अनुपमा कॅनव्हासचे बूट घालून दारात उभी. वनमालाबाई आल्या त्या जरीच्या साडीत, हातात मिठाईचा पुडा. "चारकोपला दहा मिनिटं डोकावू आणि तिथूनच पुढे. वाटेतच आहे."

चारकोप एकीकडे आणि कान्हेरी दुसरीकडे, हे आता अनुपमालाही कळत होतं. तिचं डोकं फिरलं. तरी ती रिक्षात बसली.

चारकोपला नवी वसाहत उठत होती, जिकडेतिकडे वाळूचे ढीग. घर वनमालाबाईंच्या सख्ख्या बहिणीचं, जयंतीचं. कोपऱ्यात जयंतीचा मुलगा चंद्रप्रकाश, इस्त्रीचा शर्ट. पोहे आले. ते खाऊन होताहेत तोवर जयंतीबाईंनी ताटात साडी, नारळ आणि सुपारी आणून ठेवली, कुंकवाचा करंडा उघडला आणि म्हणाल्या, "आमची पसंती आहे. गुरुवारच्या आत सुपारी फुटलेली बरी."

अनुपमाने ताटाकडे बघितलं. मग इस्त्रीच्या शर्टाकडे. मालाड, भांडुप, घाटकोपर, सगळे शर्ट एकदम तिच्या डोळ्यांसमोर आले. तिने बशी खाली ठेवली. "पण मला कोणीच विचारलं नाही," ती तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली.

"विचारायचं काय राहिलं?" जयंतीबाई भडकल्या. "एवढी घरं फिरलीस, सगळीकडे पोहे खाल्लेस, कुणालाच हो नाही की नाही नाही. अख्ख्या नात्यात बोलतात, मॉरिशसची पोरगी मोठी चोखंदळ, मुलगे बघत फिरते."

चंद्रप्रकाशने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आई, राहू दे ना. तिला माहीतच नव्हतं वाटतं." बिचारा शरमेने लाल झाला होता.

अनुपमा उठली आणि बाहेर पडली. वनमालाबाई मागून धापा टाकत आल्या. वाळूच्या ढिगाशी उभं राहूनच दोघींचं जुंपलं.

"सबंध वर्ष तुम्ही मला फसवलंत, मावशी."

"फसवलं काय गं? मिल बंद झाल्यापासून चंदू घरी बसलाय. तुझ्यामागनं तिकडे गेला असता, आयुष्य मार्गी लागलं असतं पोराचं. आणि तू माझीच राहिली असतीस, भाचेसून म्हणून."

"मग मालाड कशाला? भांडुप कशाला?"

"एकाला दाखवली आणि दुसऱ्याला नाही, तर लोक जन्मभर बोलले असते. सगळ्यांचं मन राखायला नको? माझ्या मनात पहिल्यापासून चंदूच होता."

अनुपमाने रिक्षा थांबवली. वनमालाबाई न विचारता तिच्या शेजारी चढून बसल्या.

कान्हेरी ज्याच्या आत आहे त्या नॅशनल पार्काच्या फाटकाशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. आतून लोक बाहेर येत होते. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आता वर कोणाला सोडत नाही. तुम्ही चढून पोचेपर्यंत लेणी बंद होतील."

वनमालाबाई पुढे सरसावल्या. पोरगी परदेशची आहे, गुरुवारी जातेय, पुन्हा कधी येईल देव जाणे, तिला सोडा, वाटलं तर मी इथे बसून राहते. त्यांनी अक्षरशः हात जोडले. माणूस चांगला होता, शांतपणे म्हणाला, "मावशी, मग वर्षभर काय करत होता?"

वनमालाबाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर टेकल्या. जरीच्या साडीला चारकोपची धूळ लागली होती. "मी तरी कुठे बघितलीय?" त्या हळूच म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून जाऊ जाऊ म्हणते. पुढच्या वेळी आलीस ना, की पहिलं हेच. आपल्या घरी सामान ठेवायचं आणि लगेच निघायचं."

अनुपमा कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होती. पोरांना काय सांगायचं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. "पुढच्या वेळी मी तुमच्याकडे नाही उतरणार, मावशी," ती म्हणाली. "हॉटेलात उतरेन. पाहुण्यांना निदान विचारतात तरी, काय बघायचंय म्हणून."

वनमालाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि रडायला लागल्या. अनुपमाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण बोललेलं मागे घ्यावं असं मात्र तिला वाटलं नाही.