शेवटची धार

गंगावेशीतल्या आमच्या दुधाच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस उभी राहिली की माणसं आधी तिच्याकडे बघतात, मग आमच्या मालकांकडे. मालक म्हणजे केरबा, माझा नवरा. ग्लास कासेखाली धरून ते अशी धार मारतात की दुधावर चार बोटं फेस चढतो आणि पिणाऱ्याच्या मिशीला लागतो. मी चिमणाबाई. ग्लास विसळायचे, गिऱ्हाईक सांभाळायचं आणि मालकांचं लक्ष गप्पांतून म्हशीवर आणायचं, ही माझी कामं. पस्तीस वर्षं झाली.

शेवटची धार मात्र गिऱ्हाइकाला नाही. कास मोकळी होताना निघतं ते दूध सगळ्यात घट्ट, निम्मी सायच. ते धार काढणाऱ्याचं, ही सासऱ्यांपासूनची रीत. मालक दोन्ही म्हशींची शेवटची धार एका ग्लासात घ्यायचे आणि उभ्याउभ्या संपवायचे. वर तंबाखूची चिमूट. घरी तांबडा रस्सा असला, तर वर तरंगणारा तेलाचा लालभडक कट आधी त्यांच्या वाटीत पडायचा.

मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी धार काढताकाढता त्यांचा हात थांबला. कपाळावर घाम, एक हात छातीवर. "पित्त झालंय, जरा सोडा आन," असं मला म्हणतात आणि तिथंच खाली बसतात! आमचे रोजचे गिऱ्हाईक गणपतराव, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सोड्याची वाट बघितली नाही. मालकांना उचलून रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टर तेजस्वीबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं रोखठोक. हृदयाला रक्त नेणारी एक नळी अरुंद झाली होती. सध्या गोळ्यांवर भागेल, म्हणाल्या. पण तेल, मीठ, साय कमी, तंबाखू बंद, रोज चालायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

"आनि तीन महिन्यांत काय फरक न्हाय पडला तर?" मी विचारलं.

"मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल, मावशी."

बायका अशा वेळी रडतात. मला राग आला. पस्तीस वर्षं ज्या माणसाचं ओरडणं ऐकलं, तो असा मध्येच उठून जाणार म्हणजे काय? कट्ट्यावर दोन म्हशी घेऊन मी एकटी उभी आहे, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. त्या दिवशीच मी ठरवलं, या माणसाच्या ताटावर आता माझा पहारा.

पहारा म्हणजे पहारा. रस्सा झाला की डावाने सगळा कट काढून घ्यायचा आणि खालचं पाणी त्यांना वाढायचं. मटणाच्या चरबीच्या फोडी बाजूला. कागलच्या नणंदेनं पाठवलेलं लोणचं फळीच्या मागं. आता तुम्ही म्हणाल, काढलेल्या कटाचं काय करत होतीस? टाकते कुठली! मिरची मी वाळवलेली, मसाला मी कुटलेला. त्यात भाकरी चुरून मी खायची. चरबीच्या फोडीही मीच संपवायची. लोणच्याला बुरशी लागेल म्हणून तेही जरा जास्तच वाढून घ्यायची.

तंबाखूचे सहा पुडे मी त्यांच्या खिशांतून, गोठ्यातून, देव्हाऱ्याच्या मागून शोधून काढले. चांगला माल चुलीत घालायचं जिवावर आलं. तव्यावर भाजला, कुटला आणि डबीभर मिशरी केली. दात घासायला मिशरी मी लग्नाआधीपासून लावते. ती काय तंबाखू नव्हे, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

राहिली शेवटची धार. पहिल्या दिवशी मालकांनी सवयीनं ग्लास तोंडाला लावला आणि मी सगळ्या कट्ट्यादेखत तो हातातून काढून घेतला.

"अगं, वतून देतीस का काय?" ते कळवळले.

"वततीया कशाला? लक्ष्मी हाय ती," म्हटलं आणि घटाघटा पिऊन टाकलं.

गणपतराव हसून म्हणाले, "केरबा, तुजी धार तर गेली की रं!"

"माज्या तोंडचं काडून सवता खाती, आनि वर म्हनती तुमच्यासाटनंच खाती!" मालकांनी कट्ट्याला गाऱ्हाणं घातलं.

तसे तीन महिने गेले. मालक सकाळी गणपतरावांबरोबर रंकाळ्याला फेऱ्या मारायला लागले. मलाही चल म्हणाले होते. मी म्हटलं, दिवसभर उभीच असते की, मला कशाला चालायला पाहिजे? त्यांचं पोट उतरलं, विजार कमरेतून घसरायला लागली. इकडे माझे झंपर दंडात घट्ट व्हायला लागले. वैरण घेऊन माडीवर चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. कधीकधी जबडा ठणकायचा. दाढ असेल म्हणून मी मिशरी आणखी चोळायची. पाठीत भरून यायचं, तर म्हणायची, काम काय थोडं आहे का.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. मालकांच्या रक्तातलं चरबीचं प्रमाण उतरलं होतं, ब्लडप्रेशर ताब्यात होतं. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. माझा ऊर भरून आला. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "मावशी, कसं जमवलंत हे?"

मग काय, मी खुर्ची पुढं ओढली आणि कटापासून शेवटच्या धारेपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. तंबाखूची मिशरी कशी केली तेही. मालकही मध्येमध्ये हसून दाद देत होते. डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या.

"म्हणजे यांच्यासाठी बंद केलं ते सगळं तुम्ही खाताय?"

"मग टाकायचं व्हय, बाई?"

"इकडं बसा. बाही वर करा."

दंडाला पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. एकशे ऐंशीवर काहीतरी आकडा होता. त्यांनी छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं. धाप लागते का, जबडा दुखतो का, पाठ भरते का, एकेक विचारत गेल्या आणि मी एकेक हो म्हणत गेले. मालकांचं हसू कधीच गेलं होतं.

"पाळी गेल्यावर बायकांनाही हा धोका पुरुषांइतकाच," त्या म्हणाल्या. "आणि मिशरी म्हणजे तंबाखूच, मावशी. आलेखात हृदयावर थोडा ताण दिसतोय. वेळेत आलात. आजपासून गोळी, आणि यांचं ते सगळं पथ्य तुमचंही."

मी आले कुठे होते? मी तर त्यांना घेऊन आले होते.

परत येताना मालकांनी रिक्षा रंकाळ्यावरच थांबवली. तळ्याकाठच्या बाकावर बसलो.

"तीन म्हैनं तू माज्या ताटाकडं बगत हुतीस," ते म्हणाले, "आनि मी तुज्याकडं एकदा बी बगितलं न्हाय. मधल्या पायरीवर थांबतीस, मला दिसत हुतं की गं. मला वाटलं, दमली असशील."

एवढं बोलून हा दांडगा माणूस टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं. माझ्या छातीत काय होतं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

"रडू नगासा," मी म्हटलं. "तुमचं बीपी वाडंल."

संध्याकाळी कट्टा नेहमीसारखा भरला. धारा होत आल्या तसं गणपतरावांनी विचारलं, "काय मग, आज शेवटची धार कुनाची?"

मालकांनी खुंट्याला बांधलेलं रेडकू सोडलं. ते धावत कासेला लागलं आणि ढुशा देत प्यायला लागलं. मग दुसऱ्या म्हशीचं सोडलं. सासऱ्यांपासूनची रीत त्या दोन रेडकांनी मिनिटात संपवली. मी बघत राहिले आणि नवल म्हणजे मला काही वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

"सकाळी सहाला रंकाळा," मालक माझ्याकडं वळून म्हणाले. "दोगांनी. थांबत थांबत जाऊ. तू थांबशील तितं मी थांबतो."

सगळा कट्टा ऐकत होता. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. मी कनवटीची मिशरीची डबी काढली, चांगली काठोकाठ भरलेली, आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"हिचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"टाका," मी म्हटलं. "जाऊ द्या की वाया."