चॉकलेटचे दोन डबे

आमच्या व्रात्सा शहरात नोकरी लागली की माणूस सगळ्यांना चॉकलेट वाटतो. त्या सकाळी रुमेना शिवणकारखान्यात डबा घेऊनच आली. बेकार पोरांसाठीच्या सरकारी योजनेतून ती आमच्याकडे लागली होती. पगार सरकार द्यायचं, राबवून घ्यायचा आमचा मालक बोगोमिल. आज तिची मुदत संपत होती.

"स्तांका मावशी, तोंड गोड करा! साहेब म्हणाले, नीट आवरून ये, फोटो काढायचाय. म्हणजे कायम केलंच ना?"

"कायम?" मी म्हणाले. "त्याच्या बापानं तरी कुणाला कायम केलंय का? फोटो सरकारला दाखवायला असतो, पोरगी शिकून तयार झाली म्हणून. मग तिला घरी धाडतो आणि दुसरी फुकटची आणतो."

"तुम्हाला मेलं सगळं वाईटच दिसतं," ती हसली आणि वाटत पुढे गेली.

तेवढ्यात बोगोमिल एका नव्या पोरीला घेऊन आत आला.

"रुमेना, फोटो झाला की हिला तुझं मशीन दाखव."

नवी पोरगी लाजत पुढे झाली. तिच्याही हातात चॉकलेटचा डबा होता.

मेल्यानं दोन्ही डब्यांतून एकेक उचललं आणि म्हणाला, "अभिनंदन, पोरींनो."