वाकण्याचा कोन

महायुद्धाचे घाव तीन पिढ्या भरून येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बनवलं.

त्या दिवशी लुसैलच्या आमच्या ऑफिसात योकोहामाहून हिरानो साहेब आले होते. गॅस प्रकल्पातला एक इंजिनिअर दोन वर्षांसाठी जपानला न्यायचा होता आणि निवड त्यांच्या हातात होती. अकरा वर्षं कतारचं ऊन खाल्ल्यावर मला ती जागा हवी होती. देवव्रतलाही हवी होती. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि मूळचा सातारचा आहे.

कँटीनमध्ये बिर्याणी वाढून घेता घेता तो साहेबांना अगदी सहज म्हणाला, "माझे आजोबा मराठा पलटणीत होते. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तुमच्या लोकांची गोळी लागली. मरेपर्यंत लंगडत होते."

हिरानो साहेबांनी चमचा खाली ठेवला. उभे राहिले. आणि अख्ख्या कँटीनसमोर कमरेतून वाकले. मी इंजिनिअर आहे, नव्वद अंश होते.

माझ्यासाठी या ऑफिसात कोणी लिफ्टचं दारसुद्धा धरलेलं नाही.

संध्याकाळी उम्म सलालला घरी आलो तो धुमसतच. सरोज म्हणाली, "अहो, तुमच्या आजोबांना गोळी लागली नाही हे चांगलंच झालं की!"

"चांगलं कसलं? त्याच्या आजोबांनी नातवाची सोय करून ठेवली. आमच्यांनी काय केलं?"

नाशिकला दत्तोपंतकाकांना फोन लावला. "काका, आजोबांना जपान्यांचा काही त्रास झाला होता का? छळ वगैरे?"

"तुझ्या आजीनं केला तेवढा पुरेसा होता." मग म्हणाले, "पण लढाईच्या आधी त्यांचं मेनरोडला दुकान होतं. सगळा जपानी माल. कचकड्याच्या बाहुल्या, बटणं, कपबश्या. जपान लढाईत उतरलं, माल यायचा थांबला. दुकान बंद."

"काका, तुम्ही शतायुषी व्हा."

दुसऱ्या दिवशी मी हिरानो साहेबांना कॉफी मशीनपाशी गाठलं. देवव्रत त्यांना चिकटलेलाच होता. मी बाहुल्यांपासून सुरुवात केली आणि बंद दुकानाशी आवाज कापरा केला.

साहेब मानेतून झुकले. पंधरा अंश.

पंधरा! "त्याच धक्क्यानं आजोबा गेले," मी म्हणालो.

पंचेचाळीस.

"सुऱ्या," देवव्रत मराठीत पुटपुटला, "तुझ्या घरी मुंजीचा फोटो आहे, त्यात तुला मांडीवर घेऊन बसलेत ते कोण रे?"

"तू गप. तुझे आजोबा लंगडत लंगडत तीनदा सरपंच झाले ना?"

हिरानो साहेबांना वाटलं, आम्ही एकमेकांचं सांत्वन करतोय. ते हळू आवाजात म्हणाले, "मे पंचेचाळीस. योकोहामावर आगीचे बॉम्ब पडले. माझ्या आजीची आई आणि चार भावंडं गेली. आजी तेवढी खेड्यात नातेवाइकांकडे होती, म्हणून वाचली."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला त्यांचाही हेवा वाटला. मग काहीतरी करायला हवं म्हणून मी वाकलो. देवव्रत माझ्यापेक्षा जास्त वाकला. मी आणखी वाकलो. त्यानं गुडघ्यांना हात लावले, मी घोट्यांना. हिरानो साहेब कॉफीचा कप धरून उभे होते.

रविवारी मेल आला. योकोहामाला ड्रॉइंग विभागातला सुशांत जाणार होता. त्याला जपानी येतं.