शनिवारपर्यंत मेलेली

शाळेच्या लाँड्रीत चादरी येत, पडदे येत, एकोणीस देशांतल्या पोरांचे मोजे येत आणि त्यातले निम्मे जोडीदाराशिवाय येत. पण त्या बुधवारी मावशीच्या टेबलावर तिची स्वतःची लेक येऊन पडली. घडी घातलेली, चुरगळलेली.

कापडी फलक होता तो, दोन पुरुष उंच, त्यावर लेकीचा चेहरा छापलेला. शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि फलक सभागृहात टांगायचा होता. छापून येताना त्याला घड्या पडल्या, म्हणून वरून निरोप आला होता, की मावशीनंच इस्त्री करावी, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. मावशीला त्यात नवल वाटलं नाही. ती लाँड्रीची मुकादम होती. हाताखालच्या अकरा बाया प्राचार्यबाईंना भीत नसतील इतक्या मावशीच्या एका भुवईला भीत.

छापलेलं कापड उलट्या बाजूनं दाबायचं असतं. तिनं लेकीचं कपाळ दाबलं, गाल दाबला, हनुवटीवरची घडी वाफ सोडून काढली. लहानपणी अंगानं काडी आणि बोलली की टोचणारी, म्हणून लाँड्रीतल्या बायांनी पोरीचं नाव टाचणी ठेवलं होतं. ती टाचणी आता देशोदेशीचे जुने पूल तपासत हिंडायची. अमका पूल अजून इतकी वर्षं गाड्या पेलेल, तमका आजच बंद करा, असं ती सांगायची आणि मोठमोठी माणसं मुकाट ऐकायची. त्याबद्दल तिला यंदा जगाचा कसलासा मान मिळाला होता. ते ऐकल्यापासून मावशीचं नाक जरा वरच होतं, आणि ते खाली आणायची छाती कोणाला नव्हती.

चेहरा झाल्यावर तिनं फलक सुलटा केला आणि खालची अक्षरं वाचायला घेतली. मावशीचं वाचन नावाच्या पट्ट्यांपुरतं. पोरांच्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं नावं विणता विणता ती अक्षरं शिकली होती, त्यामुळे लिहिलेलं सगळं तिला कोणाचं तरी नाव वाटायचं.

"अ. ना. थ." तिनं बोट फिरवलं. "हा अनाथ कोण गं? नवीन आलाय का? याचे कपडे कसे नाही आले आपल्याकडे?"

शेजारच्या टेबलावरची नवी बाई शिकलेली होती. ती वाकली, वाचलं आणि पुन्हा आपल्या चादरीकडे वळली.

"अगं, दातखीळ बसली का? वाच की."

"'अनाथ मुलगी ते जागतिक सन्मान. आमच्या शिष्यवृत्तीची किमया.'" नवी बाई हळूच म्हणाली, "मावशी, कोणाच्या तरी हातून चुकलं असेल."

मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली. नवरा पोर तीन वर्षांची असताना गेला, ते खरं होतं. पण ती स्वतः कुठे गेली होती? ती इथेच होती. याच फरशीवर, याच टेबलाशी, आणि सभागृहाच्या ज्या पडद्यांसमोर हा फलक लागणार होता ते पडदेही तिनंच धुतले होते.

फलकाची घडी हातावर टाकून ती ओल्या एप्रनानिशी तीन मजले चढली.

प्राचार्यबाई या शाळेत येऊन दोनच वर्षं झालेल्या. बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यांनी मावशीला खुर्ची दिली. मावशी बसली नाही.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "आणि मी अजून जिवंत आहे. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

प्राचार्यबाईंनी फलकाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि रजिस्ट्रारला बोलावलं. रजिस्ट्रार म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा कारकून. केस गेले, पद वाढलं, पण मावशीच्या लेखी तो अजून कारकूनभाऊच होता. तिला बघून त्याचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला.

"कागदोपत्री तशी नोंद आहे, मॅडम," तो म्हणाला.

"असं बघा, मावशी," प्राचार्यबाई म्हणाल्या. "शनिवारी देणगीदार येताहेत. तुमच्या मुलीच्या नावानं अनाथ मुलांसाठी नवी शिष्यवृत्ती जाहीर होणार आहे. पत्रकं छापून झालीत. आता ऐन वेळी हे निघालं तर सगळ्यांचीच पंचाईत. शनिवार तेवढा जाऊ द्या. मग आपण शांतपणे दुरुस्ती करू."

"म्हणजे शनिवारपर्यंत मी मेलेली राहू?"

"तसं नाही हो."

"मग कसं? अर्धी?"

मावशी कारकुनाकडे वळली. "कुणी लिहिलं हे?"

त्यानं फाईल काढून आणली. पिवळा पडलेला अर्ज. तो बोट ठेवून वाचत गेला. वडील, मयत. आई, मयत. जवळचे नातेवाईक, कोणी नाही. खाली एक ओळ होती: मुलगी माझ्या ओळखीची असून वरील मजकूर खरा आहे. आणि त्या ओळीखाली, कुबड आलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, मावशीची सही.

तिला ती दुपार आठवली. कागद पुढे करून कारकून म्हणाला होता, "इथे करा सही." तेव्हा तिला सही तेवढी यायची. केवढ्या तोऱ्यात केली होती तिनं. अंगठा नाही लावला, म्हणून घरी येईपर्यंत मान ताठ होती. स्वतःच्या हातानं, शाई न सांडता, स्वतःला मारून आली होती.

"नियमच होता तेव्हा," कारकून म्हणाला. "शाळेतल्या नोकरांच्या मुलांना शिष्यवृत्ती नाही. पोरगी परीक्षेत पहिली आलेली. मला वाईट वाटलं, मावशी. मी तुमच्यावर उपकारच केले."

"केलेस, भाऊ. नाही कुठे म्हणते. पण करताना विचारायचं होतंस. खोटंच बोलायचं होतं तर मी माझ्या तोंडानं बोलले असते. ते काम तुला का सांगितलं असतं?" मग तिचा आवाज उतरला. "आणि मुलीनं शाळेत मला मावशी म्हणायचं, लाड दिसायला नकोत, हे तू सांगितलंस ते यासाठी?"

कारकून फाईलच्या दोरीशी खेळत राहिला.

शाळेत सगळेच तिला मावशी म्हणत. पोरं, मास्तर, माळी. टाचणीही म्हणू लागली. सात वर्षं ती रोज मळके कपडे घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "मावशी, माझा सदरा उसवलाय." मावशी तो इतर सदऱ्यांच्या आधी शिवायची नाही, नंतरही नाही. शिस्तीची बाई म्हणून मिरवायची. आणि इकडे कागदावर तिचं तेरावं कधीच उरकलेलं.

"तो नियम आता तरी गेला का?" तिनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तेव्हा तिला आठवलं. याच वर्षी स्वयंपाकघरातल्या बाईच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. कारण कोणी सांगितलं नव्हतं. पोरीचंच काही कमी पडलं असेल, असं आईला वाटत होतं आणि ती लेकीला रोज दोन शब्द जास्त बोलत होती.

मावशीनं फलकाची घडी उचलली. "इस्त्री अर्धी राहिलीय," ती म्हणाली आणि खाली आली.

शुक्रवारी दुपारी टाचणी आली. शाळेमागच्या गल्लीत मावशीच्या दोन खोल्या होत्या. चाळिशीची बाई झाली तरी टाचणी चपला दारात तशाच उधळून टाकायची. मावशीनं त्या सरळ केल्या नाहीत. पाणी दिलं आणि विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

कशाबद्दल, असं टाचणीनं विचारलं नाही. तिथेच मावशी समजली.

"शेवटच्या वर्षी कळलं. दाखल्यावर बघितलं."

"आणि माझ्यापासून लपवलंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"तुझी ट्रंक उचलून तुला घरी आणलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, आई."

मावशीला एवढा राग आला, की फलकाचं सगळं सांगता सांगता तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. कोणावर चिडावं तेच कळेना. पोरीवर चिडावं तर पोर सतरा वर्षांची होती. कारकुनावर चिडावं तर त्याच्यामुळे पोर शिकली. सहीवर चिडावं तर सही आपलीच. राहता राहिला तो नियम, आणि त्याला ना तोंड, ना कान.

"मी फलक काढून घ्यायला सांगते," टाचणी मागून म्हणाली. "नाहीतर मी येतच नाही उद्या."

"काही नको. यायचं. नीट कपडे घालून यायचं. तो सदरा दे इकडे, कॉलर बघ काय झालीय." भांड्यावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "आणि फलक मी इस्त्री करून पाठवला सकाळीच. गुंडाळून, दोरी बांधून. एक सुरकुती सापडायची नाही."

टाचणीनं आईच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. पण पाठीवरून काही कळत नव्हतं.

शनिवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगांत देणगीदार, त्यांच्यामागे माजी विद्यार्थी. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी आणखी काही. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिकांच्या चड्ड्यांना मावशीनं नाड्या घातल्या होत्या, त्यामुळे तिला त्यांचं दडपण यायचं कारण नव्हतं. ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. स्वयंपाकघरातल्या बाईलाही हाताला धरून शेजारी बसवलं.

"इथे पाहुण्यांनी बसायचं ना?" ती बाई कुजबुजली.

"बस गप. तुला कोण उठवतं ते मी बघते."

प्राचार्यबाईंनी टाचणीची माहिती सांगायला घेतली. आई नाही, वडील नाहीत, अशी एक चिमुरडी या दारात उभी होती, वगैरे. आवाज भरून आला होता. त्यांनी खूण केली, माळ्यानं दोरी ओढली आणि वरून फलक उलगडत खाली आला. खरंच एक सुरकुती नव्हती.

अनाथ हा शब्दही नव्हता. त्याच्यावर उशीच्या अभ्र्याच्या कापडाची पांढरी पट्टी शिवलेली होती. बारीक, एकसारखे टाके. आणि तिच्यावर, पोरांच्या नावांसाठी असतो त्याच लाल दोऱ्यानं, मोठी अक्षरं: लांडरीवालीची.

लांडरीवालीची मुलगी ते जागतिक सन्मान.

मागे कोणीतरी हसलं. मग एक जाडजूड माजी विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "अरे, लांडरीवाली म्हणजे आपली मावशी. हिनं माझ्या सगळ्या मोज्यांवर नाव घातलं होतं." हसू वाढलं आणि मग विरलं, कारण टाचणी माईकपाशी गेली होती. कॉलर कडक होती.

"त्या फलकावर एक चूक आहे," ती म्हणाली. "लाँड्री असं लिहितात. बाकी सगळं बरोबर आहे."

मावशीनं ओठ मुडपले. घरी गेल्यावर हिचं बघते, असं तिच्या मनात आलं.

"सात वर्षं मी या इमारतीत माझ्या आईला मावशी म्हटलं. म्हणाले नसते तर इथून काढून टाकलं असतं, कारण ती इथे कपडे धुते. अनाथ मुलांना शिष्यवृत्ती जरूर द्या. पण माझं नाव द्यायचं असेल तर तो नियम आधी काढा. जोवर तो आहे तोवर माझं नाव कुठे लावू नका. या कापडावरही नको." मग ती तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, "आई, झालं माझं. चल."

मावशी उठली. पण दाराकडे गेली नाही. ती पुढच्या रांगेपाशी गेली, जिथे प्राचार्यबाई देणगीदारांच्या कानात काहीतरी सांगत होत्या. मावशीनं पदरातून कागद काढला. कालच संध्याकाळी टाचणीकडून लिहून घेतला होता आणि दोनदा मोठ्यानं वाचून घेतला होता, कान देऊन, शब्दन् शब्द.

"हे काय आहे?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या बाईच्या मुलीचा अर्ज. पुन्हा."

"नियमाचा विषय मंडळापुढे ठेवावा लागेल, मावशी. वेळ लागतो."

"लागू दे. मी कुठे मरतेय आता." तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे वाचून ठेवा. मुलगी माझ्या ओळखीची आहे. तिची आई जिवंत आहे आणि ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय. खाली सही माझी. या वेळी काय लिहिलंय ते बघून केलीय."