जावईबापूंनी अंगण साफ केलं

धीर कसा धरावा हे मी त्या दुपारी पोटभर ऐकून आले होते. गावच्या सभागृहात म्हातारा सेम्योन गात होता. दोन ओळी गायच्या, मध्येच थांबून एखादी गोष्ट सांगायची, पुन्हा सुरावर यायचं, अशी त्याची रीत. मागून सगळं सभागृह त्याच ओळी म्हणतं. लेकरांचं चुकलं तरी पोटात घाला, असं त्यानं इतकं गोड आळवलं की माझे डोळे भरून आले. मनाशी म्हटलं, अकुलिना, आजपासून ग्लेबवर ओरडायचं नाही.

ग्लेब माझा जावई. दूर दक्षिणेकडचा, द्राक्षांच्या मुलखातला. माझ्या तुयाराला दिवस गेले म्हणून दोघं थंडीच्या तोंडावर इथे, लेना नदीच्या काठी, माझ्याकडे आली. ती इथेच रमावीत आणि नातवंड माझ्या चुलीपुढे रांगावं, एवढंच माझं देवाकडे मागणं. पण हा माणूस रमेल तर ना! पातळ तळाचे चकचकीत बूट घालून बाहेर पडला, तळ काचेसारखे तडकले. उगाच पेट्रोल जळतंय म्हणून गाडीचं इंजिन बंद केलं. ती गाडी गोठून अजून पुतळ्यासारखी उभी आहे. माझ्या नवऱ्याचे, देव त्यांना सुखात ठेवो, रेनडिअरच्या कातड्याचे बूट काढून दिले, तर म्हणतो वास येतो. आणि दार! बाहेरचं लावून मग आतलं उघडायचं, हे किती वेळा सांगायचं? हा दोन्ही सताड उघडी टाकून बूट काढत बसतो. घरात धुकं शिरतं, तुयाराचे पाय गारठतात.

तर गाणं गुणगुणत मी फाटकाशी आले आणि जागीच थांबले. अंगण मोकळं होतं. झाडून लख्ख. मधोमध ग्लेब पहार घेऊन उभा, पापण्यांवर हिम, तोंडभर हसू.

"कसं काय, आई? परवा तुम्ही इथे घसरलात ना? सगळा बर्फ फोडून टाकला. आता खुशाल चाला."

"कुठे टाकलास?"

"रस्त्याकडेच्या खड्ड्यात."

त्या खड्ड्यात सगळी आळी राख आणि खरकटं पाणी टाकते.

सेम्योनचं गाणं कुठल्या कुठे उडालं. "अहो जावईबापू," मी म्हणाले. मी अहो म्हणायला लागले की तुयारा आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावरून घेते. "ते आमचं पिण्याचं पाणी होतं! नदी गोठल्यावर सारं गाव मिळून बर्फाच्या लाद्या कापतं. वसंतापर्यंत त्याच वितळवून प्यायच्या. रोजचा चहा कशाचा होतो असं वाटलं तुम्हाला?"

"पण ते तर अंगणात उघड्यावर पडलं होतं!"

"मग काय कपाटात ठेवू?"

कुंपणापलीकडून शेजारच्या प्रोकोपीचं डोकं वर आलं. "वहिनी, जावयानं विहीर उपसून फेकली म्हणे! आता छप्परही काढा म्हणावं, ऊन येत नाही घरात."

ग्लेब लालबुंद झाला. पहार टाकून म्हणाला, "मला नाही जमणार इथे, आई. बाळ झालं की मी दोघांना घेऊन जातो."

"जा!" मी म्हणाले. रागात म्हणाले. आणि आत जाऊन देवाच्या तसबिरीपुढे बसले, पण प्रार्थनेचा एक शब्द सुचेना. स्वतःच्याच तोंडानं नातवंडाला वाट दाखवली होती मी.

सकाळी पाहते तो ग्लेबचं अंथरूण रिकामं. तुयारा रडवेली. कोट नाही, टोपी नाही. मग माझं लक्ष खुंटीकडे गेलं. नवऱ्याचे बूटही जागेवर नव्हते.

अंधारून येता येता प्रोकोपीची घसरगाडी फाटकाशी लागली. वर लाद्या, मागे ग्लेब. एक तिरपी, एकीचा कोपरा उडालेला. "या दिवसांत नदीवर कोण करवत चालवतं?" प्रोकोपी करवादला. "बर्फ माझ्या छातीएवढा जाड! माझा खांदा गेला कामातून. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, अजून एक कापू."

ग्लेब लाद्या उतरवायला लागला. त्याच्या मिशा गोठून ओठांना चिकटल्या होत्या.

मी तिरपी लादी आत घेतली, वितळवली, चहा टाकला. पहिला घोट रीतीप्रमाणे चुलीतल्या अग्नीला दिला आणि आशीर्वाद गायला लागले. त्यात घरच्या माणसांची नावं घ्यायची असतात. माझं घेतलं, तुयाराचं घेतलं, पोटातल्या बाळाचं घेतलं. मग जरा थांबून ग्लेबचं घेतलं.

एरवी आम्ही त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो; आशीर्वादाची आमची भाषा त्याला कळत नाही, पण स्वतःचं नाव कळलं. "काय मागितलंत माझ्यासाठी?"

"अक्कल," मी म्हणाले. "पी, निवतोय."

तुयारा तोंडावर हात धरून हसली. खरं मागणं मी कुणाला सांगितलं नाही. ग्लेबही जाण्याबद्दल पुन्हा बोलला नाही. मी विचारायला धजले नाही.

काही दिवसांनी पोस्टमन आला आणि दम खायला लादीवर टेकला. एवढ्यात ग्लेब शर्टावरच बाहेर धावला. "उठा, उठा! बाकडं आहे का ते? आमच्या पोराच्या आंघोळीचं पाणी आहे, सबंध हिवाळा पुरवायचंय! काही समजतं की नाही तुम्हा लोकांना?"

पोस्टमन बिचारा जन्मापासून इथला. तो माझ्याकडे बघायला लागला.

ग्लेबच्या मागे दोन्ही दारं सताड उघडी होती आणि घरात धुकं शिरत होतं.

"अरे, दार लाव!" मी ओरडले.